सव्वानऊचा फोन

कोरोनाचा विषय निघाला की मी उठून गोठ्याकडे जातो. घरच्यांना वाटतं, त्या दिवसांतलं आठवून मला त्रास होतो. मीही त्यांना तसंच वाटू दिलं. खरं सांगायचं टाळत इतकी वर्षं काढली.

मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा माणसं कमी पडली म्हणून आरोग्य खात्याने परत बोलावलं. एका वसतिगृहात कोरोनाचा वॉर्ड उघडला होता. ड्यूट्या लावणं, सामान देणं आणि ऑफिसातला फोन घेणं हे माझं काम. आत जाणाऱ्यांचे मोबाइल बंद करून माझ्या खणात ठेवलेले असत, म्हणून घरचे लोक याच फोनवर बोलत. कोणाचा फोन किती वाजता आला ते मी वहीत लिहायचो.

पीपीई किट चढवलं की सहा तास पाणी नाही, लघवी नाही. एकदा उतरवलेलं किट फेकावंच लागे, आणि किट मोजकीच येत. म्हणून मी नियम केला होता की आत असलेल्याला घरचा निरोप ड्यूटी संपल्यावरच द्यायचा. वरून तसा कोणताही आदेश नव्हता. नियम माझा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

डोंगरकडा गावाकडची एक सिस्टर होती, कंत्राटावरची, माझ्या मुलीच्या वयाची. कधी नाही म्हणत नसे, म्हणून तिलाच मी जास्त ड्यूट्या लावल्या. त्या दिवशी ती आठला आत गेली. सव्वानऊला तिच्या भावाचा फोन आला. वडिलांना जीपमधून नांदेडला नेत होते. भावाचा मोबाइल बंद पडला होता, तो ड्रायव्हरच्या फोनवरून बोलत होता.

"काका, बाबा लई घाबरून राहिलेत. ताईशी दोन शब्द बोलायचं म्हणतेत. तेवढं बोलवता का?"

मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. आत चौदा रुग्ण होते आणि कपाटात दोन किट. बाराच्या सुमारास पुन्हा फोन आला. वडील वाटेतच गेले होते.

ती दोनला बाहेर आली. घामाने निथळत होती, बोटं पाण्यात भिजल्यासारखी पांढरी पडली होती. मी आधी तिला चहा दिला, मग सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "फोन कधी आला?"

"आत्ताच. दहा मिनिटं झाली असतील."

तोंडातून गेलं ते गेलं. ती गेल्यावर वही उघडली. भावाच्या दोन्ही फोनची नोंद करायचं मी टाळलं होतं. आता एकच फोन लिहिला. वेळ टाकली पावणेदोन.

भाऊ सकाळच्या फोनचं सांगत राहिला. त्याच्याकडे पुरावा नव्हता, माझ्याकडे वही होती. तिने त्या पानाचा फोटो काढून त्याला पाठवला. तिला वाटलं, भावाने वेळेवर कळवलं नाही आणि आता तो ते झाकतोय. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद आहे. पुढे माझा सत्कार झाला, शाल मिळाली. तिचं कंत्राट संपलं आणि तिला घरी बसवलं.

आता ती आखाडा बाळापूरजवळच्या एका उपकेंद्रात आहे. गेल्या वर्षी मनाशी ठरवून मी तिथे गेलो. ती एका बाईला इंजेक्शन देत होती. फोन वाजला तसा तिने सुई दंडात असतानाच दुसऱ्या हाताने तो उचलला. रांगेतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "सिस्टर, सुई तरी काढा आधी. फोन काही पळून चालला न्हाई." हे रोजचंच असावं. ती हसली नाही. मग मला म्हणाली, पावसात रेनकोट घालवत नाही काका, प्लास्टिकचा आवाज झाला की श्वास कोंडतो. भावाच्या मुलाचं जावळ झालं, तिला बोलावणं होतं, ती गेली नाही.

माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळताना ती म्हणाली, "तुमच्या वहीत नोंद होती म्हणून बरं, काका. नाहीतर बाबा माझी वाट बघत गेले, असंच वाटत राहिलं असतं."

पट्टा आवळत गेला. खरं सांगितलं तर तिला भाऊ परत मिळणार होता, आणि बाबांचं ते वाट बघणंही मिळणार होतं. तिच्या भल्यासाठी गप्प राहतोय, असं मी स्वतःला बजावलं. तेही खोटं. मला भीती तिच्या नजरेची होती.

"बीपी वाढलंय. कशाचं टेन्शन घेता?"

वयाचं आहे, म्हणालो. बाही खाली केली आणि निघालो. फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो, तेव्हा जे बोलायला गेलो होतो ते तोंडातल्या तोंडात नीट म्हणता आलं. सिस्टर, तुमचा भाऊ खरं बोलत होता. फोन सव्वानऊला आला होता. मी तुम्हाला बोलावलं नाही. मला माफ करा.