बंदची खूण

गुजरातमधल्या भेस्तानच्या आमच्या खात्यात बारा तास तोंड बंद! खातं म्हणजे कापड विणायच्या लूमचा कारखाना. बोलायला मनाई नाही हो, पण आवाज असा की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. मग न बोललेलं सगळं पाळी सुटल्यावर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बाहेर पडतं आणि किस्से साठत जातात.

*

खात्यात आम्ही हातांनी बोलतो. अंगठा ओठाला लावला की पाणी. पोटावरून हात गोल फिरवला की शेठ आला! एकदा शेठनंच ते पाहिलं आणि मुकादमाला विचारलं, "ये क्या इशारा है?"

"भूख लगी है शेठ, और क्या!"

शेठनं सगळ्यांसाठी खमण मागवलं. तसा माणूस वाईट नव्हता.

*

एका खुणेची मात्र थट्टा चालत नाही. दोन्ही मनगटं डोक्यावर आडवी धरली की बंद. कुणाचा हात मशीनमध्ये अडकला तरच ती करायची. दिसली की काही विचारायचं नाही, आपापली लूम थांबवायची. ही आम्हाला अप्पांनी शिकवली. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत.

*

अप्पा शिंदखेड्याकडचे, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारे. तीस वर्षं लूमवर काढली, कान गेले. गावाहून लेकीचा फोन आला की ओरडतात, "व्हिडिओ लाव माय, माले ऐकू येत नही!" मग बापलेक खुणांनी बोलतात. एकदा तिनं विचारायला घेतलं, तुम्हाला सुट्टी कधी? पण सुट्टीची खूण आमच्यात नाहीच. कधी लागलीच नाही!

*

एक मे. गुजरातचा दिवस, महाराष्ट्राचा दिवस, कामगारांचाही दिवस. तरी खातं चालू! आम्ही विचारलं तर शेठ म्हणाला, "तमे तो महाराष्ट्रना, रजा त्यांथी मांगो!"

सुट्टी तिकडेच मागा म्हणे! आम्हीही हसलो. अप्पांना खुणेनं सांगावं लागलं. ते हसले नाहीत. "आठ तास कामसाठी लोकं मरनात, तवय हाऊ दिन उना," लारीवर ते म्हणाले. माणसं मेली, तेव्हा कुठे हा दिवस आला! "एक दिन कानले सुट्टी पाहिजे."

*

यंदा एक मेच्या सुट्टीसाठी आधीच अर्ज दिला. पहिली सही कुणाची, यावरून गाडी अडली, कारण पहिला तोच जाणार. अप्पांनी कागदावर चहाचा ग्लास ठेवून उचलला. त्या ओल्या गोलाभोवती सगळ्यांनी सह्या केल्या.

शेठनं कागद चारदा फिरवला. "शुरू किसने किया?"

आम्ही कागदावरच्या गोलाकडे बघत राहिलो.

"तो सबकी छुट्टी! हमेशा की!"

अप्पांना शब्द ऐकू आले नसतील, पण आमचे चेहरे दिसले. त्यांनी त्या तीन बोटांतलं एक आपल्या सहीवर ठेवलं. "यहाँ से."

त्याच दिवशी अप्पांना काढलं. आम्ही सगळे कामावर राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

*

एक मेला खातं चालूच होतं. दुपारी मान वर केली, तर दारात अप्पा उभे. अंगात धुतलेला पांढरा सदरा. दोन्ही हात वर गेले आणि मनगटं डोक्यावर आडवी झाली.

कुणी काही विचारलं नाही. एक लूम थांबली, मग दुसरी, मग सगळ्या.

ऑफिसातून शेठ धावत आला. "किसका हाथ गया?"

अप्पांनी भिंतीवर तळवा टेकवला. लूमची थरथर हाताला लागते का ते पाहिलं. मग त्या शांततेत नेहमीसारखे जोरात ओरडले,

"बंद शे ना रे?"