बाटली बदलली, आतलं तेच आहे म्हणे

मंडळी, वीस वर्षं मी एकच आफ्टरशेव्ह लावतोय. काचेची जाड बाटली, हिरवट रंग, गालाला लागलं की डोळ्यांत पाणी. आज सकाळी नवीन उघडलं तर बाटली प्लास्टिकची. खोक्यावर लिहिलंय, 'नवीन पॅक, सुगंध तोच'.

लावलं. झोंबलंच नाही.

चिखलीतल्या आमच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "राव, फक्त बाटली बदललीये. तुम्हाला भास होतोय."

मग जुन्या बाटलीतले उरलेले चार थेंब एका गालावर लावले आणि नवीन दुसऱ्या गालावर. बायकोनं दोन्हीकडचा वास घेतला आणि म्हणाली, "सारखाच आहे. निघा आता, कंपनीची बस चुकेल."

माझा संशय काही जाईना. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. सप्लायरनं नुसतं खोकं बदललं तरी त्यानं आधी कळवायचं आणि आम्ही माल पुन्हा तपासायचा, असा आमचा नियम. 'फक्त पॅकिंग बदललंय' यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

बसमध्ये या संशयाचं खरं कारण आठवलं. मागच्या महिन्यात आमच्या पार्टचं रबर आम्ही दुसरीकडून घ्यायला लागलो. त्याच वेळी खोकंही बदललं. कस्टमरला मेल मीच टाकला होता, 'फक्त पॅकिंग बदललंय.'

अजून त्यांच्याकडून काही विचारणा नाही. पण तिकडेही कुणाला फरक जाणवला असेल का, आणि त्यालाही कुणी म्हणालं असेल का, की तुला भास होतोय?