एकोणीस नंबरचा पाना

आमच्या गाडीच्या मागे मी जो सायकलींचा स्टँड बसवला होता, तो एकशे वीस किलो वजन सहज पेलत असे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात स्टँडची काहीही चूक नव्हती.

ही गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवची. मी तेव्हा लखनौला रेल्वेच्या संशोधन खात्यात होतो आणि आम्ही मानक नगरच्या कॉलनीत राहत होतो. आम्ही म्हणजे मी, पत्नी सुनंदा आणि बारा वर्षांची मुग्धा. मुग्धाला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. सुनंदाचं माहेर कोकणातलं. गावात एक तर चढ, नाहीतर उतार. त्यामुळे तिचं सायकल शिकायचं राहून गेलं होतं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिनं एके दिवशी चहा पिता पिता जाहीर केलं, "मला सायकल शिकायची आहे."

"शीक की. उद्यापासून संध्याकाळी कॉलनीत—"

"कॉलनीत अजिबात नाही. मी सहा वाजता पडले तर सात वाजता खरचटलं कुठे ते सगळ्या ब्लॉकना ठाऊक होईल. कुणी बघत नसेल अशी जागा शोधा."

जागा शोधणं सोपं होतं. शहराबाहेर तेवीस किलोमीटरवर कालव्याच्या काठानं जाणारा एक सरळ, सपाट, निर्मनुष्य रस्ता मला माहीत होता. प्रश्न होता तो सायकली तिथवर नेण्याचा. सुनंदाची नवी लेडीज सायकल साडेसोळा किलो, माझी जुनी अठरा, मुग्धाची बारा. एकूण साडेशेहेचाळीस. (वजनकाटा वाण्याचा होता, पण मी तो आधी तपासून घेतला होता.) आणि आमची गाडी म्हणजे त्या काळी दर तिसऱ्या घरासमोर दिसणारी ती छोटी पांढरी, चार दारांची.

सुनंदा म्हणाली, "एक टेम्पो सांगा, सायकली टाका, झालं."

माणूस साध्या उपायाकडे इतक्या सहज वळतो याचं मला वाईट वाटतं. माझ्या मेहुण्यानं अमेरिकेहून एक कॅटलॉग पाठवला होता, त्यात सायकली नेण्याचे चार प्रकार सचित्र दिले होते. मी एका मोठ्या कागदावर तक्ता केला. टपावरचा स्टँड: साडेसोळा किलो दर वेळी डोक्याच्या वर उचलायचे, शिवाय झाडांच्या फांद्या. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा: रंग जाणार, पट्टी सुटली तर सायकलही जाणार. स्टेपनीवर बसणारा: आमची स्टेपनी डिकीच्या आत, म्हणून बाद. चौथा प्रकार म्हणजे गाडीच्या खाली, सांगाड्यालाच एक चौकोनी नळी पक्की करायची आणि तिच्यात स्टँड खोचायचा. सात निकषांपैकी सहांवर हा पहिला आला. सातवा निकष 'सुनंदाचं मत' असा होता, त्यात टेम्पो पहिला आला. पण टेम्पो तक्त्यातच नव्हता.

आलमबागेत खलील मिस्त्री म्हणून एक लोहार-वेल्डर होते. वय साठीचं, बोलणं असं की वेल्डिंगच्या ठिणग्यासुद्धा अदबीनं उडाव्यात. त्यांनी माझी तीन ड्रॉइंगं पाहिली, कॅटलॉगमधलं चित्र पाहिलं आणि त्यातल्या एका बिजागरीवर बोट ठेवलं.

"साहब, तस्वीर में यहाँ एक कब्ज़ा है. पूरा ढाँचा पीछे को झुक जाता है. आपके नक्शे में नहीं है."

"वह मैंने निकाल दिया. जहाँ जोड़, वहाँ कमज़ोरी."

"और यहाँ एक पिन है, खींचो तो ढाँचा बाहर."

"वह भी निकाल दिया. पिन खड़खड़ करेगी, और लखनऊ में कोई खींच ले गया तो? चार बोल्ट लगाइए, उन्नीस नंबर के."

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "हुज़ूर, हम बना देंगे. आप कहें तो पीछे रेल का डिब्बा भी लटका लीजिएगा. बस एक बात अर्ज़ है, कब्ज़ा लोग शौक़ से नहीं लगाते."

आमच्या खात्यात रोज असे तीन सल्ले येत. मी स्मित केलं.

पंधरा दिवसांत स्टँड झाला. वजन एकवीस किलो, डिकीच्या दारासमोर छातीपर्यंत उभा, आणि हलवून हलत नव्हता. पण रेल्वेत कुठलीही वस्तू चाचणीशिवाय रुळावर जात नाही. मी गिरणीतून पंचेचाळीस किलोची दोन गव्हाची पोती मागची सीट पाडून गाडीतून आणली, स्टँडवर लटकवली, आणि उरलेले एकतीस किलो म्हणून वर मुग्धाला बसवलं. एकशे एकवीस! गाडीचं मागचं अंग अडीच इंच खाली बसलं, स्टँड केसभरही वाकला नाही. मग मुग्धाला उतरवून, पोत्यांसह, कॉलनीतल्या सगळ्या गतिरोधकांवरून सात फेऱ्या मारल्या.

तिसऱ्या फेरीला वरच्या मजल्यावरचे तिवारीजी गॅलरीत आले. "दामले साहब, गेहूँ को हवा खिला रहे हैं?"

मी गाडी थांबवून त्यांना समजावलं. सगळं समजावलं. माणसानं विचारलं तर अर्धवट उत्तर देणं मला जमत नाही.

संध्याकाळी सुनंदा भाजी घेऊन आली, ती पिशवी खाली न ठेवताच उभी राहिली.

"अहो, दूधवाला मला म्हणाला, 'भाभीजी, इतवार को साइकिल सीखने जा रही हैं? सँभल के.' दूधवाला! कुणाला कळू नये म्हणून तेवीस किलोमीटर जायचं होतं ना? तुम्ही तर वरात काढलीत."

"लोकांना कुतूहल होतं."

"आणि पोरीला पोत्यांवर बसवलंत?"

"फक्त चार मिनिटं."

तिनं सुस्कारा सोडला. "हे बघा, मी रविवारी येते. पण तिथेही माणसं जमली, तर मी पुन्हा आयुष्यात सायकलला हात लावायची नाही. सांगून ठेवते."

म्हणजे आता सगळंच त्या रविवारवर आलं होतं. मी यादी केली. यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिची जागा लिहिली: पुऱ्या-भाजी, डिकी, उजवीकडे. पाणी, डिकी, मध्ये. जॅक, डिकी, तळाशी. पान्यांची पेटी, डिकी, डावा कोपरा. सकाळी सहाला आधी डिकी भरली, यादीवर खुणा केल्या, दार लावलं. मग स्टँड बसवला, बोल्ट आवळले. हातात उरलेला पाना ड्रायव्हरच्या सीटखाली टाकणार होतो, पण यादीत त्याची जागा पेटी होती. म्हणून फटीतून डिकीचं दार जेमतेम वीतभर उघडून पाना आत सरकवला, आणि तो बरोबर डाव्या कोपऱ्यात पडल्याचा आवाज ऐकून खूण केली.

मुग्धा बघत होती. "बाबा, ये खुलेगा कैसे?"

"बेटा, न खुलना ही तो इसकी ख़ूबी है." (तिच्याशी बोलताना मीही नकळत हिंदीत जायचो.)

एकोणीस किलोमीटर प्रवास आदर्श झाला. सायकली जणू चित्रात काढलेल्या. विसाव्या किलोमीटरला मागचं डावं चाक बसलं.

आणि कुठे बसलं? एका गावाच्या वेशीवर, मैदानात आठवड्याचा बाजार मांडला जात होता, नेमकं तिथे. आम्ही उतरेपर्यंत पंधरा माणसं जमली. लखनौकडची माणसं मदतीला कधीच मागे नसतात, त्यामुळे ती आधी जमतात आणि मग काय झालं ते विचारतात.

"पंचर है," एकानं सांगितलं.

"स्टेपनी निकालिए बाबूजी," दुसरा.

मी सायकली खाली घेतल्या आणि डिकीकडे गेलो. दार वीतभर उघडलं आणि स्टँडला टेकलं.

"स्टँड काढा ना," सुनंदा म्हणाली.

"काढतो. एकोणीस नंबरचा पाना—"

मी थांबलो. यादी काढली. यादीत अगदी स्पष्ट लिहिलं होतं.

"काय झालं?"

"पाना डिकीत आहे."

"मग डिकी उघडा."

"त्यासाठी स्टँड काढायला हवा."

"मग स्टँड काढा."

"त्यासाठी पाना."

सुनंदानं डोळे मिटले. मागे एक म्हातारी दुधीभोपळे रचत बसली होती, ती शेजारणीला हा घोटाळा समजावून सांगू लागली. तिनं तो माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितला. गर्दी चाळिसाच्या पुढे गेली. फटीतून पुऱ्यांचा वास तेवढा येत होता.

एका मुलानं काठी आत घालून पाना ओढायचा प्रयत्न केला. पाना आणखी आत गेला. एकानं स्टँडच कापायचं सुचवलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो गप्प झाला. कळलं ते एवढंच, की तीन किलोमीटर मागे एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री आहे.

"मी सायकलवरून जाऊन पाना आणतो," मी म्हणालो. "तुम्ही दोघी गाडीत बसा. काचा वर करा."

"जा," सुनंदा म्हणाली. तेव्हा ते एकाक्षरी उत्तर मला रागाचं वाटलं.

मिस्त्रीचं दुकान बंद होतं. मिस्त्री अंघोळीला गेला होता. मग तो आला, मग त्यानं चहा घेतला, मग पाना शोधला. एकोणीस नंबरचाच निघाला. पण अनोळखी माणसाच्या हाती तो द्यायला तयार होईना. "बाबूजी, पाना गया तो समझिए गया." शेवटी मी मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्याकडे ठेवलं. त्यामुळे परतीचा माझा वेग काय होता हे मला सांगता येणार नाही.

लांबूनच गर्दी दिसली. मी मोजली: त्रेसष्ट माणसं, दोन बकऱ्या वगळून. आता ही आयुष्यात सायकलला हात लावणार नाही, म्हटलं. मग लक्षात आलं, गर्दी गाडीकडे बघत नव्हती. मैदानाकडे बघत होती.

मैदानातल्या कडुलिंबाभोवती सुनंदा सायकल चालवत होती.

पदर कमरेला खोचलेला, कुणी धरलेलं नाही, चांगली एक गोल फेरी. म्हातारी भोपळ्यांमागून ओरडत होती, "हाँ बिटिया, सामने देखो, पहिया मत देखो!" माझ्या अकरा कलमी शिकवणी-योजनेत हे वाक्य सातव्या कलमात होतं.

मी सायकल टाकून पुढे धावलो. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि हँडल डगमगलं.

"अहो, बघू नका!"

"ब्रेक लाव! मागचा साठ टक्के, पुढचा चाळीस!"

तिनं शंभर टक्के दोन्ही हात सोडले. सायकल झाडाभोवतीची वाट सोडून थेट आमच्या गाडीवर आली. शेवटच्या क्षणी सुनंदानं समोर जे आलं ते पकडलं, आणि ते होतं स्टँडची आडवी नळी. सायकल खालून निघून बंपरला टेकली. सुनंदा नळीला लोंबकळत राहिली. स्टँड केसभरही हलला नाही. (एकसष्ट किलो, म्हणजे क्षमतेच्या जवळजवळ निम्मे. हा आकडा तिला मान्य नाही.)

बाजारानं टाळ्या वाजवल्या. मी तिला उतरवलं. कोपराला थोडं खरचटलं होतं, बाकी ती हसत होती. मग मी पाना उंच धरून म्हणालो, "मिळाला. आता दहा मिनिटांत स्टँड काढतो."

मुग्धा पुरी खात होती. मला ते उशिरा लक्षात आलं.

"बाबा, टायर तो कब का बदल गया."

मी खाली पाहिलं. मागच्या डाव्या बाजूला स्टेपनी बसलेली होती. शेजारी जॅक, पान्यांची पेटी आणि रिकामा होत आलेला पुऱ्यांचा डबा. पुऱ्या बाजारात वाटल्या गेल्या होत्या.

"डिकी कशी उघडली?"

"नहीं खोली. पीछे वाली सीट गिरा दी. जैसे आपने गेहूँ लाने के लिए गिराई थी."

त्रेसष्ट माणसं माझ्याकडे बघत होती. भोपळेवाली म्हातारी अतिशय सहानुभूतीनं म्हणाली, "होता है बेटा. पढ़े-लिखे आदमी के साथ होता है."

"हे तुला कधी सुचलं?" मी मुग्धाला विचारलं.

"जब आप साइकिल पे बैठ रहे थे. मैं बोलने वाली थी, मम्मी ने रोक दिया."

मी सुनंदाकडे वळलो. ती कोपरावर पाणी टाकत होती.

"तू तिला थांबवलंस? मी सहा किलोमीटर सायकल मारली."

"मी म्हटलं, जाऊ देत."

"अगं, पण तुलाच तर कुणी बघायला नको होतं. इथे सगळा बाजार बघत होता."

"बाजाराचं काय?" ती म्हणाली. "त्यांना मी पुन्हा दिसणार आहे का? अहो, मला तुम्ही बघायला नको होतात. मी पडले असते तर तुम्ही कितव्या अंशाला पडले ते सांगितलं असतंत."

कोन साधारण तीसचा असता, पण तेव्हा मी ते बोललो नाही.

पाना परत करायचा होता आणि घड्याळ सोडवायचं होतं. मी पुन्हा सायकलवर बसलो. मागे सुनंदानं तिची सायकल उचलली, लिंबाकडे वळवली आणि मला म्हणाली, "सावकाश जा हो. काही घाई नाही."

मी सावकाश गेलो. किती सावकाश, ते आकड्यात सांगता येत नाही, घड्याळ मिस्त्रीकडे होतं. पण वाटेत एक म्हैस मला मागे टाकून पुढे गेली, एवढी नोंद माझ्याकडे आहे.