पंक्चरकाकांचा अर्धा नळ

नगरमध्ये कुणी पत्ता विचारला, की आमचे पंक्चरकाका रस्ता सांगायचेच नाहीत. ते जमिनीखालचे नळ सांगायचे! निजामशाहीतले, शहराला पाणी आणणारे ते खापरी नळ. विचारणारा गोंधळून निघून जायचा. काका म्हणायचे, "रस्ते लई बदलतात बाय. नळ न्हाई बदलत."

त्यांचे आजोबा ते नळ साफ करायचे. काकांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. रविवारी सकाळी आम्हा गल्लीतल्या पाच-सहा पोरांना सायकलींवर घेऊन ते निघायचे. नळाला हवा मिळावी म्हणून बांधलेले दगडी मनोरे असत, त्यांना ते नळाच्या नाकपुड्या म्हणत. मनोऱ्याला कान लावायला सांगून विचारायचे, "पाणी आलं का ऐकू?" मला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, तरी मी आपली मान हलवायची.

बहात्तरच्या दुष्काळात घरचे नळ आटले, तेव्हा काकांनी ध्यास घेतला. कापूरवाडीपर्यंतचा अख्खा नळ कागदावर आणायचा, नगरपालिकेला द्यायचा, म्हणजे ते त्यातला गाळ उपसतील आणि पाणी येईल. पण काकांना लिहिता येत नव्हतं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते पुढून ओरडायचे, मी सायकल थांबवून वहीत टिपायची. असा अर्धा नळ झाला.

आणि शेवगावचं स्थळ आलं. माझं सायकलवर फिरणं बंद.

रविवारी काका दारात आले. "वहिनी, कापूरवाडीकडचं तेवढं राह्यलंय."

आई म्हणाली, "मग ओट्यावर बसा की. तुम्ही सांगा, ती लिहील."

काका ओशाळले. "बसलं की आठवत न्हाई हो. पायडल मारलं की आठवतं."

मी दाराआड होते. फिसकन हसले. त्यांनी ते ऐकलं असणार. "बरं," म्हणाले आणि गेले.

एक रविवार मागायचा होता आईकडे. रडून, रुसून मिळाला असता. मी तेव्हा साड्यांचे रंग बघत होते, खोटं कशाला बोलू!

लग्नानंतर वर्षाच्या आत काका गेले. दुकान मोडलं. पालिकेत कुणी गेलंच नाही. अर्धा नळ घेऊन कोण जाणार?

वही अजून आहे. शेवटची ओळ अशी, 'पुढे चिंचेपाशी डावीकडे.' कुठली चिंच, ते मी लिहिलंच नाही. म्हटलं, काका दाखवतीलच.