दिवेलागणीच्या आत

महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती आणि कोल्हापुरात माणसाची तब्येत हा सार्वजनिक विषय होऊन बसला होता. महाराजांना कुस्तीचा नाद, म्हणून गल्लोगल्ली तालमी निघाल्या. महाराजांना घोड्यांचा षोक, म्हणून ज्याच्या दारात शेळी बांधलेली असे तोही घोड्याच्या छातीवर अधिकारानं बोलू लागला. रस्त्यात ओळखीचा भेटला की लोक आधी त्याचा दंड चाचपत आणि मग खुशाली विचारत. माझा दंड चाचपून झाला की "पुस्तकं वाचतोस न्हवं?" एवढंच म्हणत आणि पुढं जात.

आमच्या घरात या शास्त्राचे मुख्य अधिकारी माझे धाकटे चुलते. त्यांना सगळं घर आबा म्हणे. वडील गेल्यावर आमचा संसार त्यांनीच ओढला, आणि मनापासून ओढला. त्यांची उभी हयात दरबारच्या पागेत गेली होती. त्यामुळं त्यांना दोनच प्रकृती ठाऊक होत्या: घोड्याची आणि पैलवानाची. बायका, मुलं आणि कारकून हे त्यांच्या लेखी या दोहोंपैकी कशाचे तरी खुराक कमी पडलेले नमुने होते.

आबांची सकाळ हा एक लहानसा दरबारच असे. कडुनिंबाची काडी, तेल, गार पाणी, जोर, पुन्हा गार पाणी, असा मानकऱ्यांचा क्रम ठरलेला होता आणि प्रत्येकाच्या आगमनाची वर्दी आबा स्वतःच मोठ्यानं देत. सगळं उरकून फेटा बांधला की ते बाहेरच्या कट्ट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आरोग्य वाटत.

"पावणं, डाव्या कुशीवर झोपता न्हवं?"

"झोप कुठली आबा, पोरगं रडतंय रातभर."

"मग त्याला डाव्या कुशीवर झोपवा की!"

दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लग्न झालं आणि वहिनी नांदायला आली ती याच वर्षी. ती नृसिंहवाडीच्या बाजूची, शेतकऱ्याघरची, भरल्या अंगाची. तिचं हसू पहिले काही दिवस परड्यातून ओसरीपर्यंत ऐकू येई. मग ते स्वयंपाकघरापुरतं उरलं, मग तेही थांबलं. दिवाळी येईतो तिच्या गळ्याची हाडं मोजता येऊ लागली. ताप नाही, खोकला नाही. विचारलं तर "बरी हाय की" म्हणे आणि भांड्यांकडं वळे.

भाऊबीजेला कबनूरची आत्या आली. तिनं वहिनीला वरून खाली पाहिलं आणि तिच्यासमोरच निकाल दिला.

"ही काटकी झालीया. हिच्या पोटाला लेकरू कवा यायचं? गुढीपाडव्यापत्तोर बघा, न्हाईतर धाडा म्हायेरी. माझ्या नणंदेची पोरगी हाय. उंचीपुरी. हिकडं दावायला कवा बी आणते."

माहेरी धाडणं आणि दुसरी करून आणणं यात त्या काळी एका मुहूर्ताचं अंतर असे. दादा दरबारच्या कचेरीत होता. तिथं त्याला अदबीनं गप्प बसण्याचा पगार मिळत असे आणि घरी तो ते फुकट करी. बायकोशी दिवसाउजेडी बोलायची रीत नव्हती. बायकोच्या बाजूनं बोलायची तर त्याहून नव्हती. त्यानं मान खाली घातली, पण त्याच्या हातातली करंजी चुरगळून तिचं सारण मांडीवर सांडलेलं मला दिसलं. वहिनी आत गेली. आबा तेवढे उसळले.

"पागंतनं एक घोडं मी म्हागारी धाडलं न्हाई, आक्का. ही तर घरची सून. पाडव्यापत्तोर हिला उभी करतो का न्हाई बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालमीच्या वस्तादांना बोलावलं. लोक सुनेसाठी वैद्य बोलावतात. आमच्या पेठेत मात्र कुणालाही यात वावगं वाटलं नाही. वस्तादांचं वय झालं होतं, तरी ते दारात उभे राहिले की दार भरून जाई. परक्या सुनेकडं कसं बघायचं या संकोचानं ते तुळईकडं बघत राहिले. वहिनी पदर ओढून उंबऱ्याआड उभी होती.

"हाडापेरानं बरी दिसतीया," वस्ताद तुळईला म्हणाले. "खुराक कमी पडला. बदामाची थंडाई, निरसं दूध, तूप. अन् सकाळी जोर."

"जोर?" आईनं विचारलं.

"जोर ऱ्हाऊ द्या मग," वस्ताद घाईनं म्हणाले.

थंडाई सुरू झाली. बदाम भिजवायचे, सोलायचे आणि पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे. हे पहाटे कोण करणार? घरची सून. म्हणजे तिच्या अशक्तपणावर इलाज म्हणून ती आधीपेक्षा लवकर उठू लागली. मग आबा कट्ट्यावरून आत येत आणि पैलवानाला आखाड्यात उतरवावं तसे समोर उभे राहत. "एका दमात! हां!" वहिनी अर्धा पेला कसाबसा घेई आणि उरलेला "गोठ्यात बसून पिते" म्हणून घेऊन जाई.

महिन्याभरात आमच्या म्हशीचं रेडकू असं तुकतुकीत झालं की शेजारी बघायला येऊ लागले. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारून गोठ्यातल्या मोकळ्या हवेचे गुण सांगितले. आईनं रेडकाकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं. वहिनीच्या बांगड्या तेवढ्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या.

त्यातच गावात उंदीर पडू लागले. प्लेगपुढं आबांच्या गार पाण्याचा इलाज चालत नव्हता, हे त्यांनीही मान्य केलं. दवंडी फिरली आणि शहर बाहेर पडलं. आम्ही गडमुडशिंगीच्या वाटेवर आबांच्या एका पागेतल्या दोस्ताच्या रानात खोप घातली. तट्ट्याच्या भिंती, वर उसाचं पाचट. आजूबाजूला अशाच खोपी. काहींतली माणसं परतायच्या वेळी कमी झाली होती, ते इथं लिहीत नाही. पण ते दिवस सहलीचे होते असं कुणी समजू नये.

आठवड्याभरात पलीकडची एक खोप चिमणी कलंडून जळाली. माणसं वाचली. आबांनी त्याच दुपारी हुकूम काढला.

"आपल्या खोपीत दिवा लागणार न्हाई. अंधार पडायच्या आत सगळ्यांची जेवणं झाली पायजेत. सगळ्यांची!"

ते 'सगळ्यांची' हा शब्द सवयीनं म्हणाले. त्याचा अर्थ संध्याकाळी कळला.

घरी आमचा क्रम असा होता: आधी आबा, मग दादा आणि मी. आई रात्री दूधभातावर भागवी आणि लवकर आडवी होई. आमची पानं उचलून, चूल सारवून वहिनी शेवटी एकटी बसे. गार भाकरी, तळाची आमटी आणि समोर भिंत. याला मी नाव ठेवत नाही; सगळ्या गल्लीत हेच होतं आणि डोळ्यांपुढं असलेलं कुणाला दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. पण हिवाळ्यातली संध्याकाळ लहान. दादा कचेरीतून चालत येईतो सूर्य उसाला टेकलेला असे. तीन पंगती उठवायला उजेडच पुरेना.

"भावजी, अंधार पडतोय," आई म्हणाली. "हिनं कवा जेवायचं? का चांदण्यात?"

आबांनी आभाळाकडं पाहिलं, दादानं पायांकडं. शेवटी आबांनी तोडगा काढला: ते उसाकडं तोंड करून बसतील, सून चुलीकडं तोंड करून बसेल, म्हणजे मर्यादाही राहील आणि जेवणही होईल. अशा रीतीनं आम्ही पाच माणसं एका वेळी, पण चार दिशांना तोंडं करून जेवायला बसलो. वहिनीच्या हातात तव्यावरची भाकरी होती, वाफ निघणारी.

दोन-तीन संध्याकाळी कुणी बोललं नाही. मग एकदा आबा उसाला उद्देशून म्हणाले, "ठेचा झकास झालाय. कुणी केला?"

चुलीकडून आवाज आला, "जळलेल्या मिरचीचा हाय, आबा. आमच्यात त्याला आळशी ठेचा म्हंत्यात."

आबांना हसताना ठसका लागला. त्यांना पाणी द्यायला ती वळली, आणि पुन्हा चुलीकडं तोंड करायचं राहून गेलं. मग रोज काही ना काही निघे. तिच्या माहेरी सगळे बांधावर भाकरीच्या एका बुट्टीभोवती बसून जेवतात. वाडीच्या घाटावर पुराचं पाणी कुठवर चढतं. तिच्या चुलत्यानं एकदा मगर समजून ओंडक्याला काठी हाणली होती. दादा ऐकता ऐकता एकदा चक्क "मग?" म्हणाला. सगळ्यांसमोर बायकोला उद्देशून त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. आणि एके दिवशी वहिनीनं न विचारता दुसरी भाकरी घेतली. आईनं तिसरी तव्यावर टाकली.

शिमग्यापर्यंत बांगड्या मनगटावर परतल्या. बदाम तर शहरातच राहिले होते. आजूबाजूच्या खोपींतले लोक विचारू लागले, तेव्हा आबांनी सिद्धांत जाहीर केला.

"दिवेलागणीच्या आत जेवण! सगळं त्याच्यात हाय. अवो, घोडं बी अंधारात खात न्हाई."

घोडी रात्रभर खातात हे आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं. पण सिद्धांत रानभर पसरला. वस्ताद खास भेटायला आले आणि तालमीतही हा नियम लावतो म्हणून गेले.

साथ ओसरली आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही घरी परतलो. घर झाडलं, सारवलं, चुन्यानं पांढरं केलं. संध्याकाळी आबांचा पाट त्याच्या जुन्या जागी एकटा मांडलेला मी पाहिला. तो त्यांनी स्वतःच मांडला होता. वहिनीनंही पाहिला आणि ती मुकाट्यानं चुलीमागं सरकली. नेमकी त्याच वेळी कबनूरची आत्या दारात उतरली. मुदत तिच्या लक्षात होती.

आई बाहेर आली. तिनं आबांच्या पाटाशेजारी आणखी पाट मांडले, सगळे एका ओळीत.

"ह्ये काय, वयनी?" आबा म्हणाले.

"सूर्य बुडाया आलाय, भावजी. दिवेलागणीच्या आत सगळ्यांची जेवणं. तुमचाच नेम न्हवं? वस्तादांनी तालमीत लावलाय म्हनं. आपल्याच घरात मोडायचा व्हय?"

आत्या वहिनीकडं बघत होती. वहिनीचा भरलेला चेहरा तिनं पाहिला, पण तिचं लक्ष पाटांवर गेलं.

"सून तुमच्या पंगतीला बसणार, आबा? लाजबीज?"

आबांनी एकदा बहिणीकडं, एकदा उतरत्या उन्हाकडं पाहिलं. बाहेर कट्ट्यापाशी दोघे-तिघे शेजारी उभे होते आणि त्या सगळ्यांना आबांनीच हा सिद्धांत शिकवला होता. त्यांनी फेटा काढून खुंटीला अडकवला.

"लाजंचा काय संबंध, आक्का? तब्येतीचा नेम हाय. तू बी बस. तुझी बी तब्येत मला बरी दिसंना."

आत्या बसली. नणंदेच्या पोरीचा विषय त्या संध्याकाळी निघाला नाही, आणि पुढंही नाही. वहिनीनं पहिली भाकरी आबांच्या ताटात वाढली, मग स्वतःच्या, आणि दादाच्या पलीकडच्या पाटावर बसली.

"आबा," ती म्हणाली, "उद्यापास्नं बदाम वाटू का?"

आबांनी घास थांबवला. गोठ्याकडं पाहिलं. त्यांना केव्हापासून ठाऊक होतं, कुणास ठाऊक.

"नगं," ते म्हणाले. "रेडकू लई माजलंय."