शेजारच्या आजोबांची किटली

कॅनडात, रेजिनात, मी जपानी शिकलो, पण साफसफाईपुरतंच. शेजारचे आजोबा जपानी. बायको गेली, पाठोपाठ त्यांना झटका आला आणि पन्नास वर्षं बोललेलं इंग्रजी डोक्यातून निघून गेलं. उरले ते जपानीतले कामांचे आवाज. जोर लावून घासणं म्हणजे गोशी-गोशी. भराभर झाडणं, सास्सा. हलक्या हाताने पुसणं, फुकी-फुकी. आणि शेवटी लख्ख झालं की पिका-पिका. मी त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढायचो, तेव्हा ते दारातून ‘सास्सा, सास्सा’ करत मला हाकायचे. नागपुरात मी केरसुणी कुठल्या कोपऱ्यात असते तेही सांगू शकलो नसतो.

रोज सकाळी खिडकीशी बसून ते तांब्याची एक किटली पुसत. उरलेल्या चहात फडकं बुडवायचं, पिळायचं आणि फुकी-फुकी. किटली बायकोची, पुसायची रीतही तिचीच. चहाने पुसून पुसून ती पार काळपट झाली होती. मुलीचं नाव ते विसरले होते, किटली नाही.

मार्चमध्ये मुलगी ओटावाहून आली, त्यांना वृद्धाश्रमात पोचवायला. सोबत दोन बॅगा न्यायची परवानगी.

“किटली तेवढी राहू नये,” ती मला म्हणाली. “ती हातात असली की बाबा शांत असतात.”

स्वयंपाकघर आवरायचं काम माझ्याकडे आलं. तांब्याचं भांडं आणि असं काळं? मी ती गुपचूप घरी आणली, चिंच-मीठ घेतलं आणि बसलो घासत.

“स्वतःचा कप विसळत नाही तुम्ही,” बायको म्हणाली. “आज काय अंगात आलंय?”

“म्हातारा परक्या जागी चाललाय. चार लोकांत भांडं चांगलं दिसू दे.”

अर्ध्या तासात किटली रुखवतात मांडावी अशी झाली. आजोबांच्या हातात ठेवून मी ऐटीत म्हणालो, “पिका-पिका.”

त्यांनी ती पाहिली, मान लववून माझे आभार मानले, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी बाजूला ठेवली आणि स्वतःची किटली शोधायला उठले. कपाटं उघडली. चिकटपट्टी लावलेली खोकी फाडली. मुलीने त्यांना बसवून किटली मांडीवर ठेवली, हातात फडकं दिलं. त्यांनी फडकं नीट घडी घालून तिला परत केलं.

“रंग परत येईल ना?” मी विचारलं.

“रोज पुसलं तर येईल. आईला चाळीस वर्षं लागली.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, बोलणी खायची मला सवय आहे.

गाडी बाहेर सुरू होती. आजोबांनी दाराची चौकट धरली, सोडेनात. “फुकी-फुकी,” ते मला सांगू लागले. हरवलेल्या वस्तूची खूण सांगावी तसं, सावकाश, दोनदा. मुलीच्याने बघवेना, ती गाडीत जाऊन बसली. मी “हो, हो” म्हणत त्यांची बोटं चौकटीवरून एकेक करून सोडवली.