तांबडा तळ

सोनूबाईंच्या हातात खेळण्यातली गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा अख्ख्या आळीने ठरवून टाकलं की बाई नातवासाठी काहीतरी दुरुस्त करतेय. सोनूबाईंना नातू नाही. तीन वर्षं झाली तरी गाड्या थांबेनात, तेव्हा आळीने दुसरं ठरवलं, की बाई सटकली. सत्तावन्न वर्षांच्या मासे विकणाऱ्या बाईला छंद असू शकतो, एवढी साधी गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात शिरली नाही. पत्ते कुटणारे, कबुतरं उडवणारे, दिवसभर मोबाइलवर क्रिकेट बघणारे बाप्ये डहाणूच्या खाडीवर चिक्कार आहेत. त्यांना कुणी सटकले म्हणत नाही.

पहिली गाडी जाळ्यातून आली. सोनूबाईंचा नवरा मोरू होडीवरचा तांडेल आहे, खलाशांचा म्होरक्या, आणि हल्ली त्याच्या जाळ्यात बोंबलांबरोबर काय वाटेल ते येतं. चपला येतात, बाटल्या येतात, एकदा तर प्लास्टिकची खुर्ची आली होती. त्या दिवशी बोटभर लांबीची, ओतीव धातूची मोटार आली. रंग गेलेला, चाकांचे दांडे गंजलेले, काच नाही. मोरूने ती भिरकावली. सोनूबाईंनी उचलली, पदराला पुसली आणि तळहातावर तोलून पाहिली. एवढीशी वस्तू, पण तिला वजन होतं. टाकून द्यावीशी वाटली नाही.

तेव्हापासून त्या जुन्या गाड्या गोळा करू लागल्या, काही जाळ्यातल्या, बऱ्याचशा तलासरीच्या बाजारातल्या भंगारवाल्याकडच्या. काम दुपारचं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकले की कावळे हाकायला कुणीतरी बसावंच लागतं. सोनूबाई बसायच्या, एका हाताशी काठी आणि दुसऱ्या हाताशी गाडी. सुताराच्या बारीक गिरमिटाने तळाची दोन रिबिटं उडवायची, गाडी खोलायची, जुना रंग उतरवायचा, पॉलिश पेपर मारायचा. फुटलेल्या काचेच्या जागी घोळ माशाचा खवला कापून बसवायचा. घोळीचा खवला मोठा आणि आरपार दिसणारा, उन्हात धरला की खऱ्या काचेने लाजावं. मागचे लाल दिवे सून हेमालीच्या नेलपॉलिशचे. हेमाली सुरुवातीला कुरकुरली, नंतर स्वतःच लाल बाटली आणून ठेवू लागली.

आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिलं काम तळाचं. सोनूबाईंचा बाप होड्या रंगवायचा आणि पोरगी त्याच्या हाताखाली तयार झालेली. होडीचा तळ आधी, बाकीची नटवानटवी नंतर. शिंपले-कालवं चिकटू नयेत म्हणून होडीच्या तळाला लावतात तो जाड तांबडा रंग मोरूच्या डब्यात दरवर्षी उरायचा. तोच सोनूबाई गाडीच्या पोटाला लावायच्या. गाडी पाण्यात जाणार नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण तळ उघडा ठेवून वस्तू पुरी झाली म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

त्या ओल्या तांबड्यात सुईने एक नाव कोरायच्या. खालचा धातू चमकायचा आणि नाव रुपेरी उमटायचं. हे हेमालीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. होड्यांवर देवांची नावं असतात, पोरांची असतात. डोक्यावरून मासळी वाहून ती होडी चालवणाऱ्या बाईचं नाव कुठल्या होडीवर आहे, दाखवा मला एक तरी. सोनूबाईंनी असं कुणाला विचारलं नाही, फक्त एकेका गाडीखाली एकेक नाव लिहीत गेल्या. सगळी नावं त्यांच्याबरोबर टोपली घेऊन हिंडलेल्या बायकांची. आणि त्या सगळ्याजणी कधी ना कधी कुठल्यातरी गाडीतून खाली उतरवलेल्या. कारण एकच. वास येतो.

त्यातली जानीची गोष्ट सोनूबाईंच्या घशात काट्यासारखी अडकलेली. जानी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी, त्यांना बाजार शिकवणारी. एका मे महिन्याच्या दुपारी तलासरीचा बाजार आटोपून दोघी जीपमध्ये बसल्या. सोनूबाईंची टोपली रिकामी होती, जानीच्या टोपलीत थोडी सुकट उरली होती. एका प्रवाशाने नाकाला रुमाल लावला आणि ड्रायव्हरने हायवेच्या फाट्यावर जीप थांबवली. "मावशी, उतरा." जानी टोपली घेऊन उतरली. सोनूबाई बसून राहिल्या. काही बोलल्याही नाहीत. जीप सुटल्यावर मागे वळून पाहिलं तेव्हा जानी डोक्यावर टोपली चढवत होती, एकटीच. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी हसली, विषयही काढला नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सहा वर्षांपूर्वी जानी गेली आणि ते बोलणं राहूनच गेलं.

म्हणून अकरावी गाडी जानीची. काळी-पिवळी जीप. ती करायला सोनूबाईंना अख्खा हिवाळा लागला. जाळ्याच्या नायलॉनचा एकेक धागा सोडवून त्यांनी चिंचोक्याएवढी टोपली विणली. ती टपावर नाही ठेवली, आत ठेवली, ड्रायव्हरशेजारच्या पुढच्या सीटवर. तळाला नेहमीसारखा तांबडा रंग आणि त्यात दोन अक्षरं.

या जीपचे वरून, पुढून आणि बाजूने काढलेले तीन फोटो हेमालीने मोबाइलवरून एका मंडळाला पाठवले. छोट्या गाड्या रंगवणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ, आणि त्यांचं प्रदर्शन तलासरीला हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, नेमकं बाजाराच्या दिवशी. सगळ्या गाड्या घेऊन या असा उलट निरोप आला. काळी-पिवळी जीप मधल्या काचेच्या कपाटात लागणार होती, आणि कपाटातल्या तीन गाड्या पुढे मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार होत्या.

"मुंबईला काय बोंबील विकायला जातंय ते खेळणं?" मोरू म्हणाला.

"तू कधी गेलास मुंबईला, की तुला कुणी बोलावलं?" सोनूबाईंनी विचारलं, आणि मोरू जाळं विणायला बसला.

बाहेर दाखवलं नाही, पण त्या हरखल्या होत्या. जानी जिथे कधी गेली नाही तिथे जानीची गाडी जाणार होती. काचेत बसून, मानाने. एवढ्याने फाट्यावरचं ते पाप फिटेल असं नाही, पण निदान त्यांनी काहीतरी केलं असतं.

त्या दिवशी त्यांनी अकरा गाड्या कागदात गुंडाळून धुतलेल्या टोपलीत रचल्या. हॉलमध्ये कोट-पँटवाली माणसं होती, वापी-बोर्डीकडची कॉलेजची मुलं होती, आरशासारख्या चकचकीत गाड्या होत्या. टोपली घेऊन आत शिरलेल्या बाईकडे बघून दोघे-तिघे बाजूला सरकले. सोनूबाईंनी टोपली दाणकन टेबलावर ठेवली. वास येत असेल तर येऊ दे.

मंडळाचा प्रमुख विपुल, चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याने जीप हातात घेतली आणि त्याचा चेहराच बदलला. "सोनूबेन, ही काच कशाची?"

"घोळीच्या खवल्याची."

"मी वीस वर्षं हे करतोय, असं काम नाही बघितलं." खोटी स्तुती नव्हती ती. त्याने चाकं फिरवून पाहिली, दाराच्या फटी पाहिल्या, टोपली पाहून हसला. मग जीप पालथी केली आणि त्याचं हसू गेलं.

"अरे, हे काय केलं? तळ रंगवला?"

"मग? उघडा ठेवायचा?"

विपुलने समजावून सांगितलं. गाडीच्या तळावर साचा कुठला, साल कुठलं ते छापलेलं असतं. हौशी लोक आधी तेच बघतात. वरून सोन्याचा मुलामा द्या, पण तळ मूळचा पाहिजे, हा सगळीकडचा नियम. आमच्या लोकांपैकी कुणी तळाला ब्रशसुद्धा लावत नाही.

"आमच्या लोकांपैकी कुणी तळ सोडत नाही," सोनूबाई म्हणाल्या.

"खरं आहे, बेन. पण हरकत नाही, माझ्याकडे थिनर आहे. दहा मिनिटांचं काम. रंग पुसा, मी कपाट उघडं ठेवतो." त्याने बाटली आणि कापूस पुढे केला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

हेमाली कानाशी आली. "आई, पुसा ना. मुंबईहून आली की परत लिहू. कुणाला कळणारे?"

सोनूबाईंनी कापूस भिजवला. खरंच भिजवला. कपाटातली मधली जागा रिकामी होती, वर दिवा लागलेला. त्यांना ती जागा हवी होती, या वयातही हवी होती. त्यांनी जीप पालथी धरली. तांबड्यात रुपेरी अक्षरं, जा आणि नी. दहा मिनिटांचं काम. फाट्यावर जीप थांबून सुटायला तर तेवढीही लागली नव्हती.

त्यांनी कापूस टेबलावर ठेवला.

"एकदा उतरवली तिला," त्या म्हणाल्या. "मी बघत बसले. आता मी नाय उतरवणार."

"कुणाला?" विपुलला काही कळेना.

सोनूबाईंनी थिनरची बाटली बाजूला सरकवली. त्यांनी काळी-पिवळी जीप टेबलावर पालथी ठेवली. मग दुसरी, तिसरी, करत करत अकराच्या अकरा गाड्या पालथ्या घातल्या. पावसाळ्यात किनाऱ्यावर होडकी पालथी असतात तशी. वरची सगळी कारागिरी, खवल्यांच्या काचा, नेलपॉलिशचे दिवे, सारं खाली गेलं. वर राहिले फक्त अकरा तांबडे तळ आणि अकरा बायका.

"बेन, असं कोण बघणार?"

"ज्याला बघायचं तो बघेल. टेबल माझं आहे ना अजून?"

टेबल त्यांचंच होतं. विपुल क्षणभर घुटमळला, मग थिनरची बाटली घेऊन गेला. थोड्या वेळाने कपाटात मध्ये कुणाचीतरी निळी गाडी लागली. सोनूबाईंना वाईट वाटलं, नाही कशाला म्हणायचं. पण त्या उभ्या राहिल्या, आणि पालथ्या गाड्या बघून लोक थबकू लागले. पडल्या का या, म्हणून एकाने विचारलं. सोनूबाईंनी त्याला एकेक नाव वाचून दाखवलं. ही जानी, हायवेच्या फाट्यावर उतरवली. ही तिच्या शेजारच्या गाडीवरची, भर पावसात उतरवली, पोटुशी होती. नाकावर रुमाल धरणाऱ्या एका कोटवाल्याने तो हळूच खिशात घातला.

संध्याकाळ व्हायच्या आत बाजार उठला आणि जीप पकडायला निघालेली भारती हॉलमध्ये डोकावली. भारती सोनूबाईंबरोबर बाजार करणारी, स्वभावाने गरीब गाय. उतर म्हटलं की उतरणारी, टोपली टपावर टाक म्हटलं की टाकणारी. ती टेबलापाशी आली, शाळेत चौथीपर्यंत गेलेली, एकेक अक्षर लावत वाचू लागली. सातव्या गाडीशी थांबली.

"सोनूबाय, ही भारती कोण?"

"आपल्यात भारत्या किती हायत?"

भारतीने ओले हात लुगड्याला पुसले, दोनदा पुसले आणि गाडी उचलली. उलटी करून पाहिली. पिवळी टॅक्सी होती, चारी दारांना हिरवी रेघ. तिने परत तळ वर केला. तिच्या आयुष्यात तिचं नाव सरकारी कार्डांखेरीज कुठे लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. ती रडेल असं सोनूबाईंना वाटलं, पण ती रडली नाही.

"मी नेऊ?"

"तुझीच हाय."

नाक्यावर डहाणूकडची जीप भरत होती. ड्रायव्हर पोरसवदा, कानात गाणं अडकवलेलं. भारतीची टोपली बघून त्याने नेहमीसारखी मान वर केली. "मावशी, टोपली टपावर. आत वास येतो."

सोनूबाईंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं बोलणं जिभेवर आलं होतं. पण त्याआधीच भारतीने पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरशेजारी चढून बसली आणि टोपली मांडीवर घेतली. मुठीतली पिवळी टॅक्सी तिने त्याच्या समोर, काचेपाशी ठेवली. पालथी.

"येऊ दे," भारती म्हणाली. "चल."

पोराने तिच्याकडे पाहिलं, मागे चढून बसलेल्या सोनूबाईंकडे आणि हेमालीकडे पाहिलं. मग त्याने कानातलं गाणं काढलं आणि जीप सुरू केली.